लाइन चालू आहे तोवर

परभणी, ३ डिसेंबर १९९३

दत्तराव,

अक्षर ओळखून हे पत्र तू चुलीत घालणार नाहीस, एवढं धरून चाललोय. टेलिफोनवर पोट भरणारा माणूस पत्र लिहायला बसला याचं तुला हसू येईल. येऊ दे. फोनला किती कान असतात ते तुलाही माहीत आहे. पूर्णा जंक्शनच्या टेलिफोन खोलीत एका बाकावर बसून आपण दोघं सगळी लाइन ऐकत होतो. कुठल्या गार्डाची बायको रुसून माहेरी गेली इथपासून कुठल्या साहेबाचा तबादला कुठं ठरला इथपर्यंत. मधे तिसरा कोण कान लावून बसलाय ते मी नुसत्या श्वासावरून सांगायचो. त्याच कानांवर मी नोकरी सांभाळून नांदेडला वकिली शिकलो, परभणीच्या कोर्टात उभा राहिलो, मुंबईला सरकारात कायदा अधिकारी झालो आणि ती खुर्ची सोडून परत परभणीत येऊन स्वतःची कंपनी काढली. बापानं सालगडी म्हणून जन्म काढला. मी दारावर पाटी लावली.

पत्राचं दुसरं कारण तुला माहीतच आहे. सुकळवाडीच्या बूथवर मी फोन केला की माझा आवाज ऐकून तू ‘राँग नंबर’ म्हणतोस आणि ठेवतोस. मुंबईच्या त्या भांडणाला पाच वर्षं झाली. माणूस इतका काळ राँग नंबर राहू शकतो का?

धंद्याचं ऐक. चांगुणावहिनी रोज सकाळी गावातल्या कापसाचा भाव आमच्या ऑफिसात फोनवर सांगतात. तसेच आणखी गावांतून फोन येतात, पोरी ते कम्प्यूटरात भरतात आणि दुपारी मोंढ्यातले अडते त्याचा छापील कागद विकत नेतात. आता हाच कम्प्यूटर फोनच्या तारेनं तालुक्याच्या सगळ्या कचेऱ्यांना जोडायचं टेंडर निघतंय. दिल्लीचे लोक म्हणतात, पुढं अख्खी दुनिया अशीच जोडली जाणार. तुला पटणार नाही. माझं तुला काय पटतं?

आता मुद्द्याचं. तुमच्या गावचे माणिकराव परवा माझ्या ऑफिसात येऊन बसले.

“वकीलसाब,” म्हणाले, “गावात एकच फोन आन् तो तुमी बौद्ध वस्तीत, समाजमंदिरात ठिवला. आमच्या घरच्या बायांनी फोन कराया तिकडं जावं का?”

मी म्हणालो, “पाटील, सार्वजनिक फोन रात्रंदिवस उघड्या जागी पाहिजे. तुमच्या दाराशी तर दोन कुत्री बांधलेली असतात.”

हसले. लय हसले. चहा घेतला. उठताना सहज विचारल्यासारखं विचारलं, “दत्तराव बूथ सोडून कुठं जात न्हाई म्हणं?”

“का हो?”

“असंच. गायरानाच्या दाव्यात अठरा जानेवारीला त्याची साक्ष हाय ना. पहिला वादी. भेटावं म्हणलं.”

ते गायरान तुमच्या वस्तीनं वीस वर्षं कसलंय, आणि माणिकरावांना त्यावर आपला नांगर घालायचाय, हे मला सांगायची गरज नाही. मी विषय बदलला. पण त्यांना तुला भेटायचं असतं तर गावातल्या दोन गल्ल्या ओलांडायच्या होत्या. परभणीला येऊन माझ्याकडं चौकशी कशाला? एवढं वाटलं, म्हणून लिहिलं. जपून राहा.

तुझा
बन्सीधर


परभणी, १९ डिसेंबर १९९३

दत्तराव,

तुझं कार्ड मिळालं. “भाव वेळेवर कळवत आहोत. याउपर काम नाही.” माझ्या ऑफिसातल्या पोरींपेक्षाही तू कमी बोलतोस. पण राँग नंबरपेक्षा बरं.

काल माणिकरावांच्या शेतात हुरड्याला गेलो होतो. तू म्हणशील, गेलास कशाला? टेंडर समितीतले दोघं येणार होते. धंदा करणाऱ्याला प्रत्येक आगटीजवळ बसावं लागतं. हुरडा मात्र फार सुंदर होता, कोवळी ज्वारी, तळहातावर चोळली की दूध निघावं अशी. शेंगदाण्याची चटणी, गूळ, वर मठ्ठा. सगळे म्हणाले, वकीलसाब, फोनचा एखादा किस्सा सांगा. किस्सा म्हटलं की मी रंगात येतो, हे तुला माहीत आहे.

मी सांगितलं, खेड्यात लाइन मेली तर लोक काही करत नाहीत. महिना महिना कुणी विचारत नाही. पण आमच्या सुकळवाडीला एक इसम असा आहे, लाइन मेली की पायात चपला घालायच्या आत सायकल काढतो. वाटेला लागला की मान वर, नजर तारेवर. खांबामागं खांब, तारेखालून थेट ताडकळसच्या एक्स्चेंजपर्यंत. तुटलंय कुठं ते पाहून ठेवतो आणि सिताराम लाइनमनचा हात धरून त्याला तिथं आणतो. समोरून बैलगाडी आली तरी दिसत नाही त्याला. “वरातीतल्या नवरदेवाची मान खाली असते,” मी म्हणालो, “आमच्या ह्या नवरदेवाची वर!”

लोक पोट धरून हसले. तुझी टिंगल नव्हती, कौतुकच होतं. टेलिफोनसाठी जीव टाकणारा असा दुसरा माणूस मी जिल्ह्यात पाहिला नाही.

माणिकराव सगळ्यांच्या नंतर हसले. गड्याला म्हणाले, “वकीलसाबला आणखी कणसं दे.” मग माझ्याकडं वळून, “ती तार वढ्यावरून येती का?”

“येते की. पुलाजवळ बाभळीच्या फांद्यांत अडकते. नेहमी तिथंच तुटते.”

“आसं आसं,” म्हणाले आणि चटणीचा द्रोण माझ्यापुढं सरकवला.

का विचारलं असेल, ते खाताना सुचलं नाही. घरी आल्यावर पोटात कालवायला लागलं. कमल म्हणाली, हुरडा जास्त झाला. मीही तेच धरून चाललोय.

तरी तुला एक सांगतो. ती सायकलची सवय सोड. लाइन मेली तर मेली. सिताराम येईल, जोडेल. त्याला त्याचाच पगार मिळतो.

बन्सीधर


परभणी, २ जानेवारी १९९४

दत्तराव,

काल सकाळचा भाव घ्यायला मुद्दाम मीच फोनवर बसलो. भाव सांगून झाल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, “भाऊजी, तुमची पत्रं वाचायलेत बरं ते. मोठ्यानं न्हाई. पण दोनदा वाचायलेत.”

“आणि काय म्हणतात?”

“म्हणतात, बन्सीचं पोट हुरड्यानं दुखायला ते काय कोकरू हाय का?”

मी मनापासून हसलो. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकलं नाही.

जिल्ह्याच्या कचेरीतून बोलावणं आलं होतं. साहेब तरुण आहेत, माणूस सज्जन, मी उगीच नावं ठेवणार नाही. म्हणाले, विद्यापीठाच्या नामांतराचं संक्रांतीच्या आसपास जाहीर होईल अशी कुणकुण आहे. अठ्ठ्याहत्तर सालच्या दंगलीसारखं काही होऊ द्यायचं नाही. अफवा फोनवरून पसरतात, तेव्हा जाहीर झालं की काही गावांच्या लाइनी दोन दिवस बंद ठेवायच्या. ताडकळसच्या एक्स्चेंजची देखभाल माझ्या कंपनीकडं, म्हणून काम माझ्याकडं. गावाचं कार्ड यंत्रातून उपसलं की लाइन मुकी. कुणाला वाटणारही नाही की बंद केलीय. खेड्यातल्या लाइनी मरतातच.

गावं वाचून दाखवली. सुकळवाडी पहिलं.

मी म्हणालो, “साहेब, त्या वस्तीत एकच फोन आहे. अशा दिवशी तो उलट चालू पाहिजे. ही गावं निवडली कुणी?”

“स्थानिक प्रतिष्ठितांशी बोलून ठरवलंय.”

हे प्रतिष्ठित हुरडा कुठं खातात ते मला ठाऊक होतं. म्हणालो, “मग लेखी आदेश द्या.”

साहेबांनी कपाटातून एक जुनं परिपत्रक काढलं, चष्मा लावला आणि मला वाचून दाखवलं. आपत्तीच्या किंवा तणावाच्या प्रसंगी तोंडी आदेश पुरेसा. “वकीलसाहेब, हे तुम्हीच लिहिलंय ना? काय सुंदर भाषा आहे हो.”

त्या ‘तोंडी’ शब्दावर तू मुंबईला माझ्या खोलीत बोट ठेवलं होतंस. म्हणाला होतास, “अठ्ठ्याहत्तरला मी पूर्ण्याला बोर्डावर बसलो होतो. हैदराबादपर्यंत लाइन होती, माझ्या गावाला नव्हती. वस्ती जळाली ते मला दुसऱ्या दिवशी पॅसेंजरमधून उतरलेल्या माणसानं सांगितलं. म्हणून नोकरी सोडून गावात जाऊन बसलो. आता गावात लाइन येईल, आन् तुझ्या ह्या शब्दानं ती नेमकी त्याच दिवशी जाईल.” मी म्हणालो होतो, पूर आला तर कलेक्टरनं शाई शोधत बसायचं का? तू ताट तसंच टाकून उठलास.

नियम वाईट नव्हता, दत्तराव. आजही म्हणतो. पुरासाठी लिहिला होता.

साहेबांना मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. टेंडर त्याच कचेरीत उघडणार आहे. तुला मी अर्धंच सांगतो असं तू नेहमी म्हणतोस, म्हणून हेही लिहिलं.

बन्सीधर


परभणी, ९ जानेवारी १९९४

दत्तराव,

हे पोस्टानं पाठवत नाही. ताडकळस गाडीचा कंडक्टर आपल्या ओळखीचा आहे, तो वहिनींच्या हातात देईल. नीट वाच आणि या वेळी विनोद करू नकोस.

काल ताडकळसला सितारामबरोबर लाइनी तपासत होतो. तपासताना कानाला यंत्र लावावं लागतं, आणि कुणी बोलत असेल तर ते ऐकू येतं. ऐकू आलं की लगेच काढायचं. दुसऱ्याचं बोलणं ऐकणं गुन्हा आहे, कलम मला पाठ आहे. माणिकरावांच्या तिथल्या जिनिंगचा फोन चालू होता. एक आवाज त्यांचा. दुसरा मला अनोळखी. मी यंत्र काढलं नाही.

“लाइन कवा जाणार?”

“जाहीर झालं की. साहेबाचा हुकूम हाय.”

“आन् मग?”

“मग काय. लाइन गेली की नवरदेव निघतोच. मान वर करून. म्होरं कोण हुबं हाय ते बी दिसत न्हाई त्याला. पुलाच्या अलीकडं बाभळी हायत.”

“आन् पोलीस?”

“त्या दिशी जिल्ह्यात कुठं कुठं काय काय व्हईल. त्यातच एक हे. गायरानाचा आन् त्याचा काय संबंध?”

दोघं हसले.

‘नवरदेव’ हा शब्द त्यांच्याकडं कुठून गेला यावर मी काही लिहीत नाही. तू हुरड्याचं पत्र दोनदा वाचलंयस.

तिथून थेट पोलीस ठाण्यात गेलो. फौजदारानं सगळं ऐकून घेतलं, पान खाल्लं आणि म्हणाला, “तुम्ही दुसऱ्याचा फोन ऐकला? द्या लिहून. म्हणजे पहिला गुन्हा तुमच्यावरच दाखल करतो. वकील माणूस तुम्ही, घरी जा.”

चार दिवस गाव सोड असं सांगणार नाही. वस्ती मागं टाकून तू जाणार नाहीस. एवढंच कर. लाइन मेली तर उंबरा ओलांडायचा नाही. पण मी ती मरू देतच नाही. जाहीर होण्याच्या दिवशी ताडकळसच्या एक्स्चेंजात मी स्वतः बसतो. सुकळवाडीचं कार्ड ज्याला उपसायचं असेल त्यानं आधी मला तिथून उपसावं. टेंडर गेलं खड्ड्यात. कमलला सांगितलं, ती म्हणाली, “कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोललात.”

लाइन चालू आहे तोवर मी बसलोय असं समज. लाइन चालू म्हणजे सगळं ठीक. हे वहिनींनाही सांग.

बन्सीधर


ताडकळस, १४ जानेवारी १९९४

दत्तराव,

इथं लिहायला वेळच वेळ आहे, म्हणून लिहितोय. एक्स्चेंज म्हणजे एक खोली, एक यंत्र, एक खुर्ची आणि सितारामची चटई. तो दाराला पाठ लावून बसलाय. मी खुर्चीत.

सकाळी रेडिओवर बातमी झाली. नाव झालं. म्हणजे जुन्या नावाला जोडून झालं. तुझ्या मनात काय चाललंय ते तूच जाणे. सोळा वर्षांनी. अर्धं मिळालं म्हणायचं की अख्खं? इथं बाजारातली शटरं लगेच खाली आली. संक्रांतीचा दिवस, पण रस्त्यावर वाण घेऊन निघालेली एक बाई नाही. नुसती माणसं उभी आहेत, कोपऱ्याकोपऱ्यावर, हात पाठीमागं बांधून.

कचेरीतून फोन आला. “वकीलसाहेब, सुरू करा.” मी बाकीच्या गावांची कार्डं उपसली. हो, उपसली. सगळंच नाकारलं असतं तर जीप आली असती आणि तुझंही गेलं असतं. मग दुसरा फोन, “सुकळवाडी चालू दिसतंय?” मी म्हणालो, “साहेब, आवाज येत नाही. तुमचीच लाइन खराब आहे,” आणि ठेवून दिला. सिताराम हसला. बऱ्याच वेळानं कुणीतरी हसलं इथं.

नंतर मी तुला फोन केला, ते तुला माहीतच आहे. तरी लिहितो. मला ते कागदावर हवंय. तू राँग नंबर म्हणाला नाहीस. म्हणालास, “बन्सी, तिळगूळ खाल्लास का?”

मी म्हणालो, “खाल्ला. बाहेर पडू नकोस.”

“न्हाई पडत. लाइन चालू हाय ना.”

एवढंच. पण मी त्यानंतर बराच वेळ सितारामकडं पाठ करून बसलो.

पूर्वेला धूर दिसतोय. तुमच्या बाजूला नाही. पाचटाचा असेल. आज पाचट कोण जाळतं?

आत्ता तुझ्या लाइनचा दिवा लागला. बाहेरून कुणाचा तरी फोन आलाय तुला. सितारामनं कानाचं यंत्र माझ्यापुढं धरलं. मी नको म्हटलं. पाच वर्षांनी माणूस माझ्याशी बोलला, आणि मी त्याचं बोलणं चोरून ऐकू? आज नाही. असेल कुणी नातेवाईक, खुशाली विचारणारा. म्हणून तर लाइन ठेवलीय.

दिवा विझला.

जेवणाचा डबा तसाच आहे. सिताराम म्हणतो, साहेब, खाऊन घ्या. पुन्हा तुला लावून बघतो.

वहिनींनी उचलला. त्यांचं बोलणं आहे तसं लिहितोय, कारण हे पुढं लागेल असं माझ्यातला वकील म्हणतोय.

“भाऊजी? तुमी अजून एक्स्चेंजातच हाव? आन् ते तर तुमच्याकडंच निघालेत की.”

“माझ्याकडं कुठं?”

“तुमच्या हापिसातून फोन आलता. वकीलसाब पुलापाशी जीप घेऊन थांबलेत म्हणले. लाइन चालू ठिवायची तर वस्तीची सही पायजे, कागद घेऊन आलेत. म्या म्हणलं, नका जाऊ. तर म्हणले, बन्सीनं लिव्हलंय, लाइन चालू म्हंजे सगळं ठीक हाय. भ्यायचं काय कारन? हसत गेले वो. इतक्या वर्षांनी भेटणार म्हणून सदरा बदलून गेले.”

सितारामची सायकल घेऊन निघतोय.


परभणी, ६ फेब्रुवारी १९९४

दत्तराव,

नांदेडच्या डॉक्टरांचा रोज फोन घेतो. ते म्हणाले, जबडा बांधलेला असला तरी आता तू डोळ्यांनी नीट बोलतोस, वाचतोस. म्हणून हे पत्र. वहिनी समोर धरतील.

पुलापाशी मी पोहोचलो तेव्हा पळणाऱ्यांच्या पाठी दिसल्या, तोंडं नाहीत. सिताराम मागून पळत आला. तू बाभळीखाली होतास. बाकी तुला आठवत नसेल तर बरंच आहे.

वहिनींनी सांगितलं, पाटीवर लिहून तू विचारलंस, “बन्सीनंच बोलावलं होतं का?” आणि पोलिसांपुढंही तू तेच लिहून दिलंस. बन्सीधर वकिलाच्या नावानं फोन आला, म्हणून घराबाहेर पडलो. त्या प्रश्नाचं उत्तर मी इथं देत नाही. पत्रात मी काहीही लिहीन, आणि तुला ते माझ्याइतकंच माहीत आहे. पोलिसांचं म्हणणं आता असं आहे की सगळ्या गावांच्या लाइनी बंद असताना एकच चालू ठेवली ती मी, तीही हुकूम मोडून, आणि त्याच लाइनीवरून माझ्या नावानं तुला बाहेर काढलं. आलेल्या फोनची नोंद तसल्या लहान यंत्रात राहत नाही. जुळवलं तर छान जुळतं. मी फिर्यादीचा वकील असतो तर मीही असंच जुळवलं असतं.

टेंडर दुसऱ्याला गेलं. ताडकळसची देखभाल काढून घेतली. पोरींना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तो विषय संपला.

काल माणिकराव घरी आले होते. संत्र्यांची टोपली घेऊन. कमलनं पाणी दिलं नाही, ते त्यांना दिसलं, पण चेहरा हलला नाही.

“लय वाईट झालं, वकीलसाब. दत्तराव म्हंजे आपलाच माणूस. त्याला सांगा, जबाबातलं तुमचं नाव काढून टाक म्हणावं. मार लागल्यावर मानसाला काय बी भास व्हतो. फौजदाराशी मी बोललोय. तुमच्यासारख्याला कोर्टात हुबं ऱ्हाणं शोभतं का?”

मी म्हणालो, “माझी एवढी काळजी?”

“न्हाईतर काय. एका आगटीवर बसून खाल्लंय आपण.”

“आणि नाव काढलं तर जबाबात उरतं काय?”

माणिकरावांनी एक संत्रं सोललं, अर्धं मला दिलं. “उरतं की. अज्ञात इसम.”

ते गेल्यावर ती टोपली कमलनं गल्लीत नेऊन ठेवली. मी मात्र बसून विचार केला. जो माणूस मला बुडवायला निघाला तोच मला वाचवायला का आला? मग लक्षात आलं. गुन्ह्यात मी अडकेन एवढाच त्यांचा हिशेब होता. आरोपी झालो की मी बोलेन, हे त्यांना नंतर कुणा वकिलानं सांगितलं असावं.

आता वकील म्हणून सांगतो ते ऐक. मित्र म्हणून नको ऐकूस, तो हक्क मी मागत नाही.

फौजदारानं माझा जबाब दोनदा परत केलाय. साक्षीदार म्हणून मला कुणी बोलावणार नाही. सरकारी वकील तर नाहीच. पण मला आरोपी केलं, तर शेवटी न्यायाधीशाला मला विचारावंच लागतं, तुला यावर काय सांगायचंय? आणि मी जे सांगेन ते लिहून घ्यावंच लागतं. तेव्हा मी सांगणार. जिनिंगच्या फोनवर मी काय ऐकलं, केव्हा ऐकलं, ठाण्यात कुणाला सांगितलं. नवरदेवाचा किस्सा हुरड्याला कुणी सांगितला आणि तो ऐकून पुलाची वाट कुणी विचारली. माझ्या तोंडून, माझ्या नावानं. चोरून ऐकल्याचा वेगळा गुन्हा लागेल, सनद जाईल. जाऊ दे. त्यानं माणिकराव आत जातील अशी खात्री तुला कुठला वकील देत असेल तर त्याला फी देऊ नकोस. पण ते सगळं एकदा कोर्टाच्या कागदावर येईल, आणि गायरानाच्या दाव्यातली तुझी पुढं ढकललेली साक्ष होईल तेव्हा तुझ्या वकिलाला त्या कागदाची नक्कल मागता येईल.

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे. तुझ्याकडं लोक येतील. गोड बोलतील, माझी बाजू घेऊन बोलतील, बन्सीधर तर तुझा जिवाभावाचा, त्याला कशाला गुंतवतोस म्हणतील. मी सुद्धा येईन कदाचित, रडतबिडत. माणसाचा भरवसा काय. समोरच्या चहाच्या टपरीवर परवापासून दोघं बसून आहेत, चहा न पिता. मला काही सांगायला लावलं, सही करायला लावली, तरी ऐकू नकोस.

जबाब बदलायचा नाही. एक अक्षरही नाही. तुझा विश्वास बसला नसेल तर बदलू नकोस, आणि बसला असेल तर मुळीच बदलू नकोस.

आरोपी म्हणून माझं नाव पहिलं राहू दे.

बन्सीधर